पाटांगणची पोथी

आपल्या घरी ज्ञानेश्वरी असेल. फराळाचे ताट जरा बाजूला ठेवून आज ती खाली काढावी, आणि नेहमीप्रमाणे थेट पहिल्या ओवीकडे न जाता तिच्याआधीची दोन-चार छापील पाने वाचावीत, अशी वाचकांना माझी विनंती आहे. ही पाने सहसा कोणी वाचत नाही. पारायण करणाराला त्यांची गरज नसते, आणि परीक्षेला बसणाराला त्यांवर प्रश्न येत नाही. परंतु तेथेच कोठे तरी संपादकाने सांगितलेले असते, की हा पाठ आम्ही अमुक पोथीवरून घेतला. कोणाच्या घरी साखरे महाराजांच्या परंपरेतील प्रत असेल, कोणाच्या घरी सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी असेल, आणि ज्यांच्या घरी कोणी मराठीचा प्राध्यापक अगर विद्यार्थी असेल त्यांच्याकडे शासनाने १९६० साली काढलेली आवृत्ती असण्याचा संभव आहे. या शेवटच्या आवृत्तीचा आधार वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली छापलेली ज्ञानेश्वरी. आणि राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचा आधार आमच्या बीडच्या पाटांगणात त्यांना मिळालेली एक हस्तलिखित पोथी.

ही पोथी आज कोणालाही पाहता येत नाही.

मी हे केजहून लिहितो आहे. बीडहून अंबाजोगाईला जाताना वाटेत केज लागते. म्हणजे एका बाजूला पाटांगण आणि दुसऱ्या बाजूला मुकुंदराज व दासोपंत, अशा दोन टोकांच्या मध्ये आमचे गाव आहे. जुन्या मराठीचा अभ्यास करणाराला याहून सोयीची जागा शोधून सापडावयाची नाही. पण सोय नुसती भूगोलाची. पोथी बीडला मिळाली, छापली गेली, गाजली, तिच्यावरून व्याकरण सिद्ध झाले. आणि ज्या जिल्ह्याने ती दिली त्याच्या हाती राहिले ते तिचे नाव. म्हणून राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचे आज पुन्हा एकदा परीक्षण करावे असे मला वाटते. परीक्षण ओव्यांचे करावयाचे नाही, तो अधिकार माझा नव्हे. परीक्षण करावयाचे ते संपादनाचे.

प्रथम गुणांकडे वळू. राजवाड्यांची प्रत उघडली की पहिला अनुभव परकेपणाचा येतो, आणि थोड्याच वेळात तो परकेपणा हवाहवासा वाटू लागतो. पारायणाच्या प्रतींतून पिढ्यान् पिढ्या हात फिरल्यामुळे गुळगुळीत झालेली भाषा येथे नाही. शब्दांच्या अंत्य उकाराची जुनी धाटणी, विभक्तीची विसरलेली रूपे, जिभेला अडखळविणारे जोड, हे सारे पाहताना आपण देवळाच्या चुन्याखालचा मूळ दगड पाहतो आहोत असे वाटते. प्रचलित प्रतींत ओव्यांची संख्या नऊ हजारांच्या आसपास भरते. राजवाड्यांच्या प्रतीत ती शंभराहून अधिक कमी आहे. म्हणजे मागाहून कोणी तरी भर घातली, आणि ही भर पडण्यापूर्वीचा पाठ आपल्या हाती आला, असा निष्कर्ष मनात येतोच. राजवाड्यांचे म्हणणे हेच होते. ही पोथी एकनाथांच्या पूर्वीची आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच साली ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही त्यांनी प्रसिद्ध केले. एका माणसाने एका पोथीच्या बळावर एका भाषेची कुंडली मांडली. असे धाडस मराठीत दुसऱ्या कोणी केलेले मला ठाऊक नाही, आणि राजवाड्यांचे व्याकरण वाचताना आजही त्या बुद्धीच्या झेपेपुढे मान लवते.

आता दोष. तो एकच आहे, पण मुळातला आहे. जे व्याकरण राजवाड्यांनी सांगितले त्याला पुरावा कोणता, तर त्यांनी छापलेला पाठ. छापलेला पाठ खरा कशावरून, तर त्यातील रूपे त्या व्याकरणाप्रमाणे जुनी ठरतात म्हणून. या चक्रातून बाहेर पडण्याची वाट एकच होती : मूळ पोथी उघडून पाहणे. पान अमुक, ओळ अमुक, तेथे लेखकाने काय लिहिले आहे आणि संपादकाने काय वाचले आहे, हे तिसऱ्या माणसाने ताडून पाहणे. ती वाट बंद झाली. पोथीचे पुढे काय झाले याविषयी अनेक गोष्टी सांगितल्या जातात. रागाच्या भरात राजवाड्यांनीच ती नष्ट केली अशीही एक आहे. दंतकथेवर टीका उभारू नये, म्हणून मी ती बाजूला ठेवतो. पोथी जळाली, बुडाली की कोणाच्या माळ्यावर पडली, याने टीकाकाराच्या अडचणीत फरक पडत नाही. पुढच्या अभ्यासकांनी शंका काढल्या, त्यांना उत्तर देता येईना. आणि ज्यांनी राजवाड्यांची बाजू घेतली त्यांनाही शेवटी राजवाड्यांच्या व्यासंगाचाच हवाला द्यावा लागला. माणूस मोठा होता हे खरे. पण मोठेपणा हा पुरावा नव्हे, हे आम्हांला शिकविले कोणी? राजवाड्यांनीच!

येथे या प्रकरणातला खरा पेच आहे. राजवाडे हे काही पुरावे दडवून ठेवणारे गृहस्थ नव्हते. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी जे खंड काढले, ते पुढे २२ झाले. इतिहास लिहिण्याआधी अस्सल कागद छापा, ते जसेच्या तसे सर्वांपुढे ठेवा, मग ज्याला जो अर्थ काढावयाचा तो काढू द्या, हा त्यांचा हट्ट. दारोदार हिंडून, हाताने स्वयंपाक करून, दप्तरांच्या धुळीत आयुष्य घालवून त्यांनी तो चालविला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले त्यामागेही हाच हट्ट होता. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून ठेवले होते. त्या सकळ लिपीची किल्ली शोधून काढणारांतही राजवाडेच अग्रभागी. ज्याने दुसऱ्याची कुलुपे उघडली त्याच्या स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या शोधाला मात्र कायमचे कुलूप लागून राहावे, याला काय म्हणावे? मला यात दुष्ट हेतू दिसत नाही. एकट्याने काम करणाराची सवय दिसते. मी पाहिले, मी वाचले, मी सांगतो. ज्याला पटत नाही त्याने खुशाल रडत बसावे!

ही सवय त्या काळी सर्वांचीच होती असेही म्हणता येत नाही. राजवाड्यांच्याही आधी, १८६८ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली. ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा. साहेबाने लिहिलेला, छापील, शाळांतून प्रमाण मानलेला. तो समोर ठेवून, हा आधार कोणता, ही बखर काय म्हणते, असे प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारावेत ही गोष्ट आजही मला दिवाळीच्या दिव्याइतकी प्रसन्न वाटते. आज ज्याला माहिती साक्षरता असे जरा रुक्ष नाव पडले आहे, ती कीर्तन्यांपाशी भरपूर होती. छापलेले म्हणजे खरे, असे त्यांना वाटले नाही.

एकनाथांचेही उदाहरण येथे आठवणे भाग आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, आणि पाठांतरांनी मलिन झालेला ग्रंथ निवळून दिला. मराठीतले हे पहिले मोठे संपादन. पण काय गाळले, काय ठेवले, कोठल्या प्रतीत काय होते, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. पैठणच्या त्या संताकडून कोणी तळटीपांची अपेक्षा करणार नाही. ते काम भक्तीचे होते आणि भक्तीने स्वीकारले गेले. राजवाड्यांना ती सवलत देता येत नाही, कारण त्यांनी आपले काम शास्त्र म्हणून पुढे मांडले.

शास्त्र म्हणून असे काम कसे करावे, हे पुण्यातच पुढे दाखविले गेले. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले, १९४३ मध्ये सुखटणकर गेले, आणि १९६६ मध्ये सारे काम पुरे झाले. वाचकांपैकी कोणी ते जाडजूड ग्रंथ पाहिले असतील तर त्यांना आठवेल, की पानाच्या वरच्या भागात श्लोक थोडे आणि खाली बारीक टाइपातील मजकुराचे जंगल. ते जंगल हाच सुखटणकरांचा खरा पराक्रम आहे. काश्मीरच्या शारदा पोथीत काय आहे, मलयाळी पोथीत काय आहे, आम्ही कोणता पाठ का घेतला, सारे तेथे आहे. सुखटणकर चुकले असे ज्याला वाटेल त्याला, त्यांनीच दिलेल्या सामग्रीवरून, त्यांना चूक ठरविता येते. असा संपादक स्वतःच्या विरुद्धचा साक्षीदार स्वतः न्यायालयात आणून उभा करतो. पुढे जपानमधल्या मुनेओ तोकुनागा यांनी हा पाठ संगणकावर उतरविला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला, आणि आता तो जगात कोणालाही फुकट मिळतो. सुखटणकरांना संगणक ठाऊक नव्हता. पण त्यांच्या कामाची बांधणीच अशी होती की दुसऱ्या देशातल्या माणसाला त्यात हात घालता यावा.

युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुक्त विज्ञानाविषयी शिफारस मंजूर केली. तिचा आशय आमच्या विषयाच्या भाषेत सांगावयाचा तर एवढाच, की निष्कर्षाबरोबर पोथीही दाखवा. प्रयोग केला असेल तर मोजमापे, सर्वेक्षण केले असेल तर मूळ नोंदी, आणि लेख छापला असेल तर तो वाचण्यासाठी गरिबाला खिसा चाचपावा लागू नये. हे आता आपल्याकडेही पुष्कळसे घडले आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पूर्वी आमच्या भागातील संशोधकाला एक प्रबंध पाहावयाचा तर दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे लागे. आणि तेथे प्रबंध बांधणीला गेला असे उत्तर मिळे. आता शोधगंगेवर देशभरातील ५ लाखांहून अधिक प्रबंध घरबसल्या वाचता येतात. परदेशी नियतकालिकांसाठी केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना काढली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि आरंभ १ जानेवारी २०२५ रोजी. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरता आहे. तालुक्याच्या गावची महाविद्यालये बहुधा शिक्षणसंस्थांची असतात, ही गोष्ट मी नुसती नोंदवून ठेवतो.

पण दार उघडले म्हणजे आत शिरणाराला वस्तूची पारख आली, असे थोडेच आहे! केजला बसून 'ज्ञानेश्वरीची भाषा' असा विषय घेऊन पीएच. डी. करणारा एखादा तरुण कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. त्याच्या भ्रमणध्वनीत आज जेवढी ग्रंथसंपदा आहे तेवढी राजवाड्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तो शोधगंगेवर 'ज्ञानेश्वरी' हा शब्द टाकतो. पुष्कळ जुने मराठी प्रबंध तेथे पानांच्या नुसत्या छायाचित्रांच्या रूपात आहेत, किंवा जुन्या टंकांत जुळविलेले आहेत; त्यांतील शब्द यंत्राला वाचता येत नाही. म्हणून जे सापडत नाही ते नाहीच, असे तो समजतो. जे सापडते त्यात 'राजवाडे प्रतीनुसार' असे वाक्य असते, आणि ते दुसऱ्या प्रबंधातून घेतलेले असते, त्याने तिसऱ्यातून. राजवाड्यांचे पुस्तक या साखळीत कोणी उघडलेले असेलच असे नाही. पोथीचा तर प्रश्नच नाही. आता या साखळीला एक नवा भिडू मिळाला आहे. संगणकाला प्रश्न विचारला की तो तत्काळ, अदबीने, पृष्ठांकासह संदर्भ देतो. आणि कधी कधी ते पुस्तक जगात लिहिलेच गेलेले नसते! पाटांगणची पोथी निदान एका माणसाने तरी पाहिली होती.

मग या तरुणाला लेख छापावयाचा असतो. कोठे छापावा? विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली होती, तीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून पुष्कळ नावे आली. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये या शिफारशीच्या नावांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत असे निघाले. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, असा तो बाजार. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नावे काढून टाकली. पुढे केअर नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. चांगले नियतकालिक कोणते हे आता संशोधकाने व त्याच्या संस्थेने स्वतः ओळखावयाचे. मला हा निर्णय मनापासून आवडला, आणि त्याची भीतीही वाटली. यादी पाहून नियतकालिक निवडणारे, मार्गदर्शक सांगतील तो संदर्भ लिहिणारे, आणि बढतीसाठी लेखांची संख्या मोजणारे आपण. ओळखावयाचे कसे, हे आपल्याला कोणत्या तासाला शिकविले होते? ग्रंथपालाकडे जाऊन 'हे तपासावे कसे' असे विचारणारा संशोधक आणि असे विचारले जावे म्हणून वाट पाहणारा ग्रंथपाल, दोघेही एकाच इमारतीत असतात. मध्ये एक जिना असतो, तेवढेच.

या साऱ्या चर्चेत एका पक्षाचे कोणी नाव घेत नाही : ज्यांच्या घरी पोथी असते त्यांचे. संशोधकांची नेहमी तक्रार असते की लोक पोथ्या दाखवीत नाहीत. दसऱ्याला पूजा करतात आणि पुन्हा बासनात बांधतात. पण मागे एकदा दाखविली तेव्हा काय झाले, हे त्या घरांतून विचारावे. पाहुणा आला, चहा प्याला, पोथी 'चार दिवसांसाठी' घेऊन गेला, आणि आजोबा गेले तरी ती परत आली नाही, ही हकिकत मी आमच्या जिल्ह्यात एकाहून अधिक घरी ऐकली आहे. पोथी न दाखविणारे ते लोक अडाणी नव्हेत. त्यांनी एका अनुभवावरून रीतसर निष्कर्ष काढला आहे. अंबाजोगाईस दासोपंतांच्या वंशजांनी पासोडी जपली. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर दासोपंतांनी लिहिलेले पंचीकरण आज वाचता येते, अक्षराचे वळण पाहता येते, ते घरच्यांनी वस्तू हातची जाऊ दिली नाही म्हणून. आता जग बदलले आहे. पोथी जागेवरून न हलविता तिचे प्रत्येक पान भ्रमणध्वनीने टिपता येते. एक संच घरात, एक ग्रंथालयात, एक सर्वांसाठी. केंद्र सरकारच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी करण्यासाठी 'ज्ञान भारतम्' या कार्याची घोषणा झाली आहे. त्या पाहणीचा माणूस आमच्या गल्लीत येईल तेव्हा त्याने प्रथम पोथीच्या मालकाचे नाव लिहून घ्यावे, आणि छायाचित्रांची एक प्रत निघण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी. यात उपकार कोणाचा कोणावर, हे सांगावयास नको.

राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचे मग करावयाचे काय? तिला टाकून द्या असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे झाले आहेत, आणि त्यांनी पाण्याबरोबर पोहणाऱ्यालाही घाटाबाहेर काढले आहे. तिच्यातले कित्येक पाठ इतर जुन्या पोथ्यांशी जुळतात, आणि ते जुळतात म्हणूनच उरलेल्यांविषयी कुतूहल वाटते. प्रश्न उरतो तो त्या पाठांचा, ज्यांना राजवाड्यांखेरीज दुसरा साक्षीदार नाही. त्यांची यादी करणे हे काम अवघड खरे, पण अशक्य नव्हे. मराठवाड्यातील, पुण्यातील, धुळ्यातील आणि तंजावरच्या सरस्वती महालातील पोथ्यांशी एकेक अध्याय ताडून पाहिला, की कोणते रूप अन्यत्र आहे आणि कोणते केवळ १९०९ च्या छापील पानावर आहे ते निघेल. एका विद्यार्थ्याने एक अध्याय घेतला तरी अठराजणांत काम होते. आणि यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवली तर एकोणिसावा माणूस तिच्यातल्या चुका काढील.

शासनाची आवृत्ती पुन्हा छापली जाईल तेव्हा या यादीतील प्रत्येक ओवीपुढे एक बारीकशी खूण असावी. फुली नको, नुसता एक ठिपका पुरे : हा पाठ पाटांगणच्या पोथीचा, ती पोथी आज उपलब्ध नाही. पारायण करणाराची नजर त्या ठिपक्यावर अडणार नाही. केजच्या त्या तरुणाची मात्र अडावी, आणि त्याने पुस्तक तेथेच मिटून बीडची गाडी पकडावी. पाटांगणात अजूनही घरे आहेत, आणि घरांना माळे आहेत.